मुरूम, मोडवे आणि चार दिवसांची ट्यूब

आपल्या भागातल्या कित्येक घरांत चेहऱ्यावरच्या पुटकुळीला दोन नावे असतात. आई म्हणते ‘मुरूम आलाय’, शेजारच्या अक्का म्हणतात ‘मोडवे’, आणि जिच्या गालावर तो आला आहे ती मुलगी ‘पिंपल’ म्हणून दोघींनाही गप्प करते. नावे वेगळी असली तरी निदान दोन्ही भाषांत एकच : उष्णता वाढली आहे, ताक पी. आणि शेवटचा उपायही दोन्हीकडे सारखाच : लग्न झाले की जातील. ‘मदुवे’ आणि ‘मोडवे’ हे शब्द कानाला इतके जवळचे लागतात, की कुणा आजीला त्यातूनच हा उपाय सुचला असावा अशी मला कधीकधी शंका येते.

तक्रार मात्र फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत ‘मुखदूषिका’ आहेत. तरुणांच्या चेहऱ्यावर काटेसावरीच्या काट्यांसारख्या उठणाऱ्या पुटकुळ्या, असे तिचे वर्णन आहे. काटेसावरीचे खोड ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. क्षुद्ररोग म्हणजे किरकोळ रोग. पण ज्याच्या चेहऱ्यावर तो असतो त्याला तो किरकोळ वाटत नाही. वर्गात शिकवताना वर्षानुवर्षे पाहते आहे. काही मुली ओढणी गालापर्यंत ओढून बसतात, काही मुले फोटोच्या वेळी मागच्या रांगेत सरकतात. वयात येण्याच्या काळात दहातल्या आठ-नऊ जणांना कमी-अधिक मुरमे येतातच, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. त्यांना त्या क्षणी बाकीचे सगळे चेहरे स्वच्छच दिसत असतात.

तर हे मुरूम येते कुठून? चेहरा, छाती आणि पाठ या भागांत केसांच्या मुळांशी तेल तयार करणाऱ्या ग्रंथी मोठ्या असतात. वयात येताना शरीरात अँड्रोजेन जातीची संप्रेरके वाढतात. मुलांत जास्त, पण मुलींतही वाढतातच. त्यांच्या हुकमाने या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी नीट झडून न जाता एकमेकींना चिकटतात आणि छिद्राला बूच बसते. बूच बंद राहिले तर कातडीखाली बारीक पांढरा दाणा दिसतो. तोंड उघडे राहिले तर तोच दाणा काळा दिसतो. हा काळा रंग मळाचा नव्हे. तो त्वचेतल्याच रंगद्रव्याचा आणि हवेशी आलेल्या संपर्काचा परिणाम आहे, त्यामुळे तो घासून जात नाही. बुचाखाली साठलेल्या तेलावर, एरवी आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर सुखाने नांदणारा एक जिवाणू वाढतो. मग शरीर त्याच्याशी भांडायला निघते, आणि लाल, दुखरा, कधी पू भरलेला फोड वर येतो. भांडण खोलवर गेले तर गाठ होते आणि ती गेली तरी मागे खड्डा राहतो.

म्हणजे मुरूम हे अस्वच्छतेचे लक्षण नाही. दिवसातून सात वेळा साबणाने तोंड खसखसून धुणाऱ्या मुलांची त्वचा फक्त चिडते. सकाळ-संध्याकाळ आणि घाम आल्यावर सौम्य फेसवॉशने हलक्या हाताने धुतले की झाले. टूथपेस्ट आणि लिंबू या दोन गोष्टी मात्र स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या फळीवरच राहू द्याव्यात. टूथपेस्टने कातडी भाजते आणि लिंबू लावून उन्हात गेले तर काळे डाग पडू शकतात. मुलतानी माती किंवा चंदन लावण्याने सहसा बिघडत नाही, पण छिद्रातले बूच त्याने निघत नाही, हेही कळून असावे.

यातला एक मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्या अज्ञानातून होतो. आज सकाळी आरशात दिसलेले मुरूम आज तयार झालेले नसते. त्याचे डोळ्यांना न दिसणारे बूच काही आठवडे आधीच बसलेले असते. म्हणून मुरमांवरचे खरे औषध आज दिसणाऱ्या फोडापेक्षा पुढच्या महिन्यात येणाऱ्या फोडावर जास्त काम करते. ते नियमित लावले तर फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तीन महिने! अठरा वर्षांच्या मुलीला तीन दिवसही फार असतात. त्यात पुढच्या रविवारी मावसबहिणीचे लग्न असेल किंवा बघायला मंडळी येणार असतील तर विचारायलाच नको. मग कोणीतरी ‘चार दिवसांत साफ’ होण्याची ट्यूब सांगते, आणि ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळून जाते.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने एन.एस.एस.च्या शिबिराला यायला नकार दिला. कारण विचारल्यावर म्हणाली, ‘मॅडम, ऊन चालत नाही मला.’ तिचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या आणि कानांपुढे लव दाट झाली होती. ती एक क्रीम रोज रात्री लावत होती, दोन वर्षे. सुरुवातीला काकूंनी दिली होती. ‘पहिल्या आठवड्यात चेहरा इतका छान झाला की काय सांगू!’ हे सांगतानाही तिचे डोळे क्षणभर चमकले. नंतर क्रीम दोन दिवस बंद केली की आग व्हायची आणि पहिल्यापेक्षा जास्त फोड यायचे. म्हणून ती परत लावायची. ट्यूबवरची अक्षरे आम्ही दोघींनी मिळून वाचली. त्यात स्टेरॉइड होते.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वरदानच आहे. चेहऱ्यावर ते मनानेच लावले की गोष्ट बदलते. स्टेरॉइड लावले की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे चेहरा उजळ दिसतो. सूज दबते, त्यामुळे फोड चार दिवसांत बसतो. आतले बूच मात्र तसेच असते. महिने उलटले की कातडी पातळ होते, लाली कायमची राहू लागते, लव वाढते, डाग पडतात आणि स्टेरॉइडमुळे म्हणून येणारी, एकाच आकाराच्या दाण्यांची नवी मुरमे उगवतात. बंद केले की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम पसरतात, आग आग होते, आणि माणूस घाबरून पुन्हा ट्यूबकडे धावतो. दारूच्या गुत्त्याकडे वळणाऱ्या पावलांसारखेच हे आहे, फक्त इथे पावले मेडिकलकडे वळतात आणि कोणी त्यांना नावे ठेवत नाही.

हा प्रश्न एकट्या-दुकट्याचा नाही. देशातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. म्हणजे दर सात जणांमागे एक. त्यांतल्या जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी ते मुरमांसाठी धरले होते, आणि त्याहून थोड्या जास्त लोकांनी गोरे होण्यासाठी किंवा रोजची क्रीम म्हणून. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी सांगितलेलेच नव्हते. पुढे २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ मलमी स्टेरॉइडांना ‘शेड्यूल एच’ या यादीत घातले, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत असा नियम झाला. नियम कागदावर पक्का आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात तो किती पाळला जातो ते वाचकांनीच आठवून पाहावे.

म्हणून ट्यूब हातात आली की आधी घटकांची नावे वाचावीत. अक्षर बारीक असते, चष्मा लावावा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन अशी नावे दिसली की ते स्टेरॉइड. साधी खूण सांगायची तर शेवटी ‘सोन’, ‘लोन’ किंवा ‘टासॉल’ असे काही आले की थांबावे. वेष्टनावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीवरचे आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तीन औषधे एकत्र असलेल्या क्रीम आपल्याकडे फार खपतात. या प्रकारचे मिश्रण मुळात वांगाच्या डागांसाठी, तेही ठरावीक मुदतीपुरते वापरायचे. काकूंच्या वांगाची ट्यूब पुतणीच्या मुरमांवर येते ती अशी. बिननावाच्या डबीतून, ब्यूटी पार्लरमध्ये ‘स्वतः तयार केलेली’ म्हणून मिळणारी क्रीम तर वाचायचीही सोय नसते. ती घेऊच नये.

आता खऱ्या औषधांकडे वळू. थोडी मुरमे असतील तर डॉक्टर बहुधा लावायच्या औषधांपासून सुरुवात करतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जुने आणि भरवशाचे औषध. ते जिवाणूंना मारते, आणि जिवाणू त्याला सरावत नाहीत. ते कपड्यांचा रंग मात्र उडवते, म्हणून नवा टॉवेल आणि उशीचा रंगीत अभ्रा काही महिने कपाटात ठेवावा. ॲडापॅलीन हे दुसरे. ते छिद्राचे बूच बसूच देत नाही, म्हणून ते फोडावर टिकलीसारखे लावायचे नसते. रात्री वाटाण्याएवढे घेऊन मुरमे येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरायचे. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा कोरडा पडतो, सोलवटतो, मुरमे थोडी वाढल्यासारखीही वाटतात. नेमके इथेच निम्मे लोक औषध सोडतात आणि ‘मला ते सूट झालं नाही’ म्हणतात. एक दिवसाआड लावून, वरून साधे मॉइश्चरायझर लावून हा काळ बहुतेकांना काढता येतो. गरोदरपणात ॲडापॅलीन वापरत नाहीत; तेव्हा डॉक्टर ॲझेलिक ॲसिडसारखा दुसरा पर्याय देतात.

क्लिंडामायसिन हे लावायचे प्रतिजैविक अनेक घरांत सापडते. ते एकटेच महिनोन्महिने लावत राहिले तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने देतात. मुरमे जास्त आणि सुजलेली असतील तर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या काही महिन्यांपुरत्या दिल्या जातात. ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण करू शकते. ती चालू असताना ऊनही जास्त बाधते.

आणि खोल गाठी, खड्डे पडायला लागलेले, बाकी कशालाच न जुमानणारे मुरूम असेल तर आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत १९८२ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. तेलग्रंथींनाच आकसवणारे हे औषध आहे आणि अनेकांची मुरमे ते कायमची घालवते. पण ते मेडिकलमधून परस्पर आणून घ्यायची गोष्ट नव्हे. गरोदरपणात ते पोटात गेले तर बाळात गंभीर व्यंगे होऊ शकतात. म्हणून औषध चालू असताना आणि ते संपल्यावर महिनाभर गर्भ राहणार नाही याची पक्की काळजी घ्यावी लागते. लग्न ठरलेल्या मुलीने ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायला हवी. सांगायला लाज वाटत असेल तर आईने सांगावे. यकृताच्या आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या होतात, ओठ फार कोरडे पडतात, आणि मन उदास राहू लागले तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचे असते. या काळात रक्तदान करायचे नाही. महाविद्यालयाच्या रक्तदान शिबिरात उत्साहाने रांग लावणाऱ्या मुलांना हे बहुधा माहीत नसते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारायची असते. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने येणारी, पाळीच्या आधी वाढणारी मुरमे, त्यासोबत दोन-दोन महिने न येणारी पाळी, हनुवटीवर राठ केस, असे असेल तर तो पीसीओएस असू शकतो. मग नुसत्या क्रीमने भागत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवावे लागते. आपल्या घरांत मुलीच्या रंगाची चर्चा सगळे नातेवाईक मोकळेपणी करतात. पाळीची चौकशी मात्र कोणीच करत नाही.

मुलांची गोष्ट वेगळी. आपल्या या पट्ट्यात तालमीची परंपरा जुनी, आता तिच्या जोडीला गल्लोगल्ली जिम आल्या आहेत. व्हे प्रोटीनचे डबे सुरू केल्यावर काहींची मुरमे वाढल्याचे डॉक्टरांच्या पाहण्यात आले आहे. दंड लवकर फुगावेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी तर पाठभर, छातीभर मोठ्या गाठी येतात. ही इंजेक्शने म्हणजे ॲनाबॉलिक स्टेरॉइड. वर सांगितलेल्या मलमातल्या स्टेरॉइडपेक्षा ती वेगळी. मुलाची पाठ अचानक अशी भरली तर वडिलांनी त्याला रागावण्याआधी तो काय घेतो आहे ते विचारावे.

खाण्याबद्दल प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतोच. १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांना चॉकलेट खायला घालून पाहिले आणि मुरमे वाढली नाहीत असा निष्कर्ष निघाला. पुढे पुष्कळ वर्षे ‘खाण्याचा काही संबंध नाही’ असे सांगितले जाई. पण तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ तेवढेच होते! २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ४३ तरुणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार ज्यांनी बारा आठवडे घेतला, त्यांची मुरमे दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. दुधाचाही काही जणांत संबंध दिसतो, पण पुरावा तितका भक्कम नाही. एकूण काय, आपला लाडका कुंदा पूर्ण निर्दोष सुटत नाही. मुरमे आहेत म्हणून पोराचे जेवण तोडायचे मात्र काही कारण नाही. साखर आणि मैदा कमी करावा, भाकरी-पालेभाजी वाढवावी. तेही औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. उष्णतेचे म्हणाल तर ताक जरूर प्यावे, ते चांगलेच असते.

कपाळावर, केसांच्या कडेने बारीक दाणे असतील तर आधी खोबरेल तेलाकडे पाहावे. रात्री चप्प तेल लावून झोपण्याची सवय सोडली, किंवा तेल लावून तासाभराने केस धुतले, की पुष्कळदा तेवढ्याने फरक पडतो. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासत असेल तर तो धुऊन घ्यावा. हेल्मेट सोडू नये.

मुरूम फोडू नये हे सगळेच सांगतात, पण का ते सांगत नाहीत. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरूम बसल्यावर मागे तपकिरी डाग राहतो. तो उन्हापासून जपले तर काही महिन्यांत फिका होतो. सनस्क्रीनही तेलकट नसलेले घ्यावे. फोडलेल्या किंवा खोल मुरमाने पडलेला खड्डा मात्र आपोआप भरत नाही. लेझर, सुयांचे उपचार वगैरे आहेत, त्यांनी खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत आणि खर्च बराच येतो. म्हणून ‘वयाप्रमाणे जातील’ म्हणत गाठी येणाऱ्या मुलाला दोन वर्षे घरी ठेवणे महागात पडते. गाठी दुखत असतील किंवा पहिला खड्डा दिसला असेल तर थांबू नये. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे राहावे लागते, पण मोठी फी मोजावी लागत नाही.

जे आधीच स्टेरॉइडच्या ट्यूबवर आहेत त्यांनी तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जायलाच हवे. जुनी ट्यूब एकदम बंद करायची की हळूहळू सोडवायची हे किती दिवस लावली, किती तीव्र होती यावर डॉक्टर ठरवतात. सोडल्यावर काही आठवडे, कधी काही महिने चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. या काळात घरच्यांनी ‘पूर्वी किती छान होता’ असे म्हणू नये, कारण ते ऐकून मुलगी पुन्हा ती ट्यूब शोधते. आमच्या त्या विद्यार्थिनीला सात-आठ महिने लागले. लाली पुष्कळ गेली, थोडी अजून आहे. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, डब्या, गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत, पार्लरची डबीही. ‘काही नाही हो, साधी क्रीम लावते’ असे म्हणून ती घरी ठेवून गेले तर डॉक्टरांचा आणि आपला, दोघांचाही वेळ जातो.